फोर बाय फोर घेतली, आता सांभाळायची कशी: रुतणं, पाणी, चिखल आणि नंतरची सगळी कामं

थार, जिम्नी, जुनी जिप्सी, गुरखा, फोर बाय फोरवाली स्कॉर्पिओ किंवा बोलेरो, यातलं जे काही दारात उभं असेल त्याच्या मालकासाठी हे लिहितोय. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच फोर बाय फोर घेणारे आपल्याकडे भरपूर झाले. डिलिव्हरीच्या दिवशी फोर बाय फोरच्या लिव्हरबद्दल जेमतेम दोन वाक्यं सांगतात, हार घालतात, पेढे देतात, फोटो काढतात, आणि मग माणूस पहिल्याच पावसात मुळशीच्या मागच्या बाजूला कुठंतरी रुतून बसलेला असतो. माझं मत सरळ आहे: या गाड्यांची बरीचशी दुखणी लिव्हर नको तिथे ओढल्यामुळे येतात आणि उरलेली गाडीखाली वाकून न बघितल्यामुळे. म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

आधी लिव्हर समजून घ्या

वर नावं घेतली त्यातल्या बहुतेक गाड्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहेत. म्हणजे नेहमी टू एच (लिव्हरवर 2H), फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. फोर एच (4H, चारही चाकं) टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकते, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. आता वळणावर काय होतं, पुढची चाकं मोठा गोल घेतात, मागची छोटा, म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायचं असतं पण शाफ्ट बांधलेले असल्यामुळे ती फिरू शकत नाहीत. चिखलात, वाळूत, खडीवर चाक थोडं घसरतं आणि तो ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट, गिअर आणि जॉइंटमध्ये साठत जातो. स्टीयरिंग जड होतं, यू टर्न घेताना गाडी गचके देते, टायर कुरकुरतात, आणि शेवटी लिव्हर टू एचला यायलाच तयार नसतो.

असा लिव्हर अडकला तर जोर लावून ओढू नका. स्टीयरिंग सरळ करा, रिव्हर्स टाका, दोनतीन मीटर सरळ मागे या, थांबा, आणि मग हलक्या हाताने काढा, बहुतेक वेळा लगेच निघतो. नाहीच निघाला तर एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मातीत घाला आणि थोडं पुढेमागे करा, पीळ सुटतो.

पावसात ताम्हिणी किंवा वरंधा घाटात काहीजण सरसकट फोर एच टाकून चालवतात, सेफ वाटतं म्हणून. ओलं डांबर म्हणजे चिखल नाही, त्यावर पकड असतेच, आणि मुख्य म्हणजे फोर बाय फोरने ब्रेक जराही लवकर लागत नाही. गाडी उठते जोरात, थांबते तेवढ्याच अंतरात. घाटात टू एच, कमी स्पीड आणि चांगले टायर. जिच्यात मध्ये सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) असतं, म्हणजे फुल-टाइमवाली, तिचा नियम वेगळा, आपली कुठली ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.

टाकायची पद्धत अशी. टू एचमधून फोर एचला बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत जाता येतं, स्टीयरिंग सरळ ठेवायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि एका दमात ओढायचं, स्पीडची मर्यादा पुस्तकात असते. फोर एलसाठी (4L, चारही चाकं पण हळू वेगाचा गिअर) मात्र गाडी थांबवायची, मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबायचा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल, आणि मगच लिव्हर. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहिला तर दात अजून बसलेले नाहीत, गाडी फूटभर पुढेमागे करा, बसतील. फोर एलमध्ये गाडी साधारण दोन ते अडीच पट हळू आणि तेवढ्याच जास्त ताकदीने चालते, ते खडी चढण, मोठे दगड, रुतलेली गाडी काढणं आणि तीव्र उतार यासाठी आहे. चढावर हाफ क्लचवर झुंजत क्लच जाळण्यापेक्षा आधीच फोर एल टाका. क्लचचा जळका वास आला तर थांबून गार होऊ द्या.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात आणि ती जिवावर बेतू शकते. ज्या गाड्यांत ट्रान्सफरचा लिव्हर हाताने टाकायचा असतो त्यातल्या बऱ्याच गाड्यांत फोर एच आणि फोर एलच्या मध्ये एन म्हणजे न्यूट्रल असतो. लिव्हर तिथे राहिला तर मेन गिअर पहिल्यात असो किंवा ऑटोमॅटिक पी मध्ये असो, चाकांचा आणि इंजिनाचा काही संबंध उरत नाही, गाडी उतारावर घरंगळते. म्हणून उतारावर लिव्हर बदलताना हँडब्रेक ओढलेलाच हवा, ब्रेकवर पाय हवा, आणि गाडीपुढे कोणी उभं नको.

जुनी जिप्सी असेल आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक (चाक शाफ्टला जोडणाऱ्या, चाकाच्या मधोमध असलेल्या चकत्या) असतील तर खाली उतरून दोन्ही बाजूचे लॉक करावे लागतात, एक जरी मोकळा राहिला तरी लिव्हर फोरमध्ये असून पुढची चाकं ओढणार नाहीत. चिखलात शिरायच्या आधीच करून ठेवा, नंतर हब गुडघाभर राड्यात असतो.

आणि वर्षभर फोर बाय फोर टाकलंच नाही असं करू नका. पुढच्या भागात तेल फिरत नाही, लिव्हर आणि सील आखडतात. टोयोटाच्या पार्ट-टाइम गाड्यांच्या पुस्तकात महिन्याला निदान १६ किमी फोरमध्ये चालवा असं दिलेलं असतं, आपल्या गाडीलाही तशी सवय लावायला हरकत नाही. फक्त रस्ता कच्चा हवा.

रुतली, आता काय

आधी माती ओळखा. कोकणातला आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा लाल चिखल वरून निसरडा असतो पण खाली बहुतेक ठिकाणी जांभा किंवा मुरूम लागतो, तिथे चांगला टायर खाली पोचला की पकड मिळते. घाटावरची काळी माती वेगळीच जात आहे. पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत गाडी घातली की ती टायरच्या खाचांत भरते, मग मडगार्डच्या आत भरते, चाकाचा गुळगुळीत गोळा होतो आणि कितीही महागडा टायर असला तरी तो निरुपयोगी ठरतो. काळ्या रानात पावसानंतर शिरायचंच नाही, वाफसा होऊ द्या. अगदीच अडलं तर गवताची कड धरून चाला.

तरी रुतलीच, तर हे या क्रमाने करा:

१. चाक जागेवर फिरायला लागलं की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. प्रत्येक जादा फेरा गाडीला खाली खोदतो.

२. खाली उतरा, वाकून बघा. नुसती चाकं रुतलीत की पोट किंवा ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा मातीवर टेकलाय? टेकला असेल तर आधी फावड्याने त्याच्या खालची माती काढायची, त्याशिवाय दुसरं काही करून उपयोग नाही.

३. आलात तसं मागे जाता येतं का बघा. मागचे चाकोरे आधीच दाबलेले असतात, बहुतेक वेळा रिव्हर्सच सगळ्यात सोपा रस्ता.

४. टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ३० च्या आसपास पीएसआय असेल तर चिखलासाठी २० ते २२, मोकळ्या वाळूसाठी १५ ते १८. टायर लांबट पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो. त्या हवेत वेगात वळायचं नाही, टायर रिममधून सुटतो.

५. चाकांपुढे दगड, फांद्या, ट्रॅक्शन बोर्ड किंवा अगदी जुनी गोणपाटं सारा. रबराचे फ्लोअर मॅट चाकाखालून गोळीसारखे मागे उडतात, मागे माणूस नको.

६. फोर एल, दुसरा गिअर, स्टीयरिंग सरळ, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. ते चालू असलं की चाक घसरताच इंजिनची ताकद कापतं आणि गाडी मरगळते. बऱ्याच गाड्यांत फोर एल टाकलं की ते आपोआप बंद होतं.

एक चाक हवेत नुसतं फिरतंय आणि बाकीची ढिम्म, असं झालं तर ॲक्सिलरेटर दिलेला ठेवून ब्रेक हलका दाबून बघा, फिरणाऱ्या चाकाला अडवलं की थोडी ताकद दुसऱ्याकडे जाते. थारच्या काही मॉडेलमध्ये मागच्या ॲक्सलला आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर आहे. त्यात एक चाक जरा फिरू द्यावं लागतं, मग 'खट्' असा जोरात आवाज येतो आणि लॉक लागतो. त्या आवाजाला घाबरून लोक ॲक्सिलरेटर सोडतात आणि लॉक सुटतो. काही तुटलेलं नसतं, स्थिर पाय ठेवा.

ओढून काढताना

आपल्याकडे शेवटी ट्रॅक्टरच येतो आणि बहुतेक वेळा तोच वाचवतो. पण साखळी कुठे अडकवायची हे तुम्ही सांगायचं, ट्रॅक्टरवाल्याने आपल्या अंदाजाने बंपर किंवा टाय रॉडला बांधली की स्टीयरिंगचा खेळ खलास. गाडीला पुढे-मागे टो हुक असतो किंवा बंपरमधली झाकणी काढून स्क्रू करायचा डोळा असतो, तो टूलकिटमध्ये मिळतो, तो पूर्ण आटे बसेपर्यंत फिरवायचा. तो डोळा सरळ ओढण्यासाठी आहे, तिरका ताण दिला की वाकतो. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला, म्हणजे टो बॉलला, दोर कधीच अडकवू नका. तो बॉल तुटला की तोफगोळ्यासारखा येतो, अशाने माणसं मेलेली आहेत.

साखळी आणि तारेचा दोर रबरासारखे लांबत नाहीत, त्यामुळे त्यांना झटका चालत नाही. "दादा, झटका नको, आधी साखळी ताठ करा, मग हळूच ओढा," एवढं स्पष्ट सांगा, आणि तो ओढत असताना तुम्हीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाकं हळू फिरवत राहा. झटक्याने काढायची तर त्यासाठी ताणला जाणारा कायनेटिक दोर वेगळा मिळतो. दोर कुठलाही असो, मध्यावर ओलं पोतं किंवा जाड चादर टाका म्हणजे तुटला तरी कमी उसळेल, आणि बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभे करा. लहान मुलं अशा वेळी हमखास जवळ येतात. काम झाल्यावर ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे आणि वेळेचे पैसे द्या, तो नको नको म्हणाला तरी द्या.

पाणी

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. थारसाठी कंपनी ६५० मिमी पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते, पण तो आकडा शांत पाण्याचा. वाहतं पाणी दोन फुटांचं झालं की बहुतेक गाड्या उचलून ढकलायला पुरतं, चार चाकांना ताकद असली काय आणि दोन चाकांना असली काय, चाक टेकलंच नाही तर करणार काय. त्यात फरशीचा कठडा किंवा एखादा तुकडा वाहून गेलेला असला तर गढूळ पाण्यात दिसतही नाही. पाणी उतरेपर्यंत चहा प्या.

शांत ओढा असेल तर आधी काठी घेऊन चालत जाऊन बघा, तळ आणि खोली दोन्ही. मग फोर एल, पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखा संथ वेग, पुढे छोटी लाट राहील इतपत. मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पाणी गेल्याची शंका असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडायची वेळ येते. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, आणि ओला असेल तर थेट गॅरेज. साध्या विम्यात असा खर्च बहुतेक वेळा नाकारला जातो, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन असतं. पावसाळ्याआधी पॉलिसी काढून वाचा.

बाहेर आलात की थोडं चालत्या गाडीत ब्रेक हलका दाबून सुकवून घ्या. आणि एक लपलेली गोष्ट: तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढली जाते. त्यासाठी वर ब्रीदर नळी असते, ती चिखलाने बुजली असेल तर सीलमधून पाणी आत जातं. तेल दुधट, करड्या रंगाचं दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. लगेच बदला, नाहीतर बेअरिंग गंजून काही महिन्यांनी घोंघावायला लागतं आणि तोपर्यंत कारण कोणाला आठवत नाही.

घरी आल्यावर, त्याच दिवशी

वॉशिंग सेंटरवाला वरून फोम मारून चकाचक करून देतो, तुम्हाला ते नकोय, तुम्हाला गाडी रॅम्पवर हवी. चिखल ओला असतानाच काढा. ज्या गाड्या शिडीसारख्या चॅसिसवर आहेत त्यांच्या पोकळ दांड्यांना भोकं असतात, त्यात नळी घालून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत सोडा, गंज तिथून आतून सुरू होतो. दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकंही काडीने मोकळी करा. रेडिएटरवर मात्र प्रेशर गन जवळून मारू नका, पातळ पत्र्या वाकतात आणि हवा जायची बंद होते, साध्या नळीने, जमलं तर आतून बाहेरच्या दिशेने. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स यांच्यावरही गन नको.

समुद्राचा विषय वेगळा सांगावा लागेल. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि आपल्या कोकणातही पोलीस गुन्हे नोंदवतात, ते योग्यच आहे, वेळाससारख्या ठिकाणी वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. पण किनाऱ्यावर न जाताही खारं पाणी लागतं. दाभोळ-धोपावे किंवा बागमांडला-वेश्वीच्या फेरीबोटीवर चढता-उतरताना रॅम्पवरचं पाणी खालून उडतं. कोकणातून परत आलात की खालून गोड्या पाण्याने भरपूर धुणं, ब्रेक पाइप आणि बोल्टवर लक्ष. अंडरबॉडी कोटिंग करायचं तर गाडी पूर्ण धुऊन सुकवूनच, चिखलावर रबरी थर मारला तर ओल आत कोंडते आणि पत्रा जास्त लवकर जातो.

धुतल्यानंतर ज्या तक्रारींसाठी लोक घाबरून गॅरेज गाठतात त्यातल्या काही इथेच सुटतात. ६०-८० च्या स्पीडला स्टीयरिंग थरथरतंय: रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल बघा, तो एका बाजूला चिकटला की बॅलन्सिंग बिघडल्यासारखंच वाटतं. चाकातून कर्कश किंचाळल्यासारखा आवाज: डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलाय, हळू रिव्हर्स घेतलं की बरेचदा पडतो. एबीएस, ट्रॅक्शन आणि फोर बाय फोर असे दोनतीन दिवे एकदम लागले: चाकाजवळचा स्पीड सेन्सर माखलाय किंवा त्याची वायर फांदीने ओढली गेलीय, आधी ते धुऊन बघा. जिप्सी-जिम्नीसारख्या सलग पुढच्या ॲक्सलच्या गाडीत खड्ड्यानंतर स्टीयरिंग वेड्यासारखं हलायला लागलं आणि रिम स्वच्छ आहेत, तर मात्र हळूहळू स्पीड कमी करत थांबा आणि बुश, किंगपिन बेअरिंग, टाय रॉड तपासून घ्या, ते टाळायचं काम नाही.

टायर आणि स्टेपनी

चारही टायर एकाच साइजचे, एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असं केलं की घेर वेगळा होतो आणि फोर एचमध्ये सरळ रस्त्यावरसुद्धा तो वर सांगितलेला पीळ बसतो. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर पाचही टायर ८ ते १० हजार किमीला फिरवत राहा. मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीची हवा कोणी बघत नाही, आणि तिच्या वजनाने दाराच्या बिजागऱ्या लोंबतात, दोन्हीकडे लक्ष ठेवा, बिजागरीला ग्रीस.

पाणंदीतला खरा शत्रू बाभळीचा काटा. ट्रेडमध्ये शिरला तर तिथेच उपटू नका, हवा टिकतेय तोवर चांगल्या जागी जा, मग काढा, पंक्चर किटमधल्या कानशीने भोक घासा, चिकट रबरी दोरी भरा, हवा भरा, थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. साइडवॉलला शिरला असेल तर दोरी तात्पुरती, तो टायर बदलायचा. छोटा कंप्रेसर सोबत हवाच, हवा सोडून चिखलातून निघाल्यावर डांबरावर २० पीएसआयने घरी यायचं नसतं.

चिखलात जॅक मातीत घुसतो म्हणून जाड लाकडी फळी ठेवा. मागचं चाक उचलताना गाडी नुसती गिअरमध्ये ठेवून भागत नाही, उचललेलं चाक मोकळं फिरलं की दुसरंही सुटतं. फोर एच किंवा फोर एल टाकून ठेवा, हँडब्रेक ओढा, उरलेल्या चाकांना दगड लावा. नट चांदणीच्या क्रमाने आवळा आणि ५०-१०० किमी झाल्यावर परत एकदा पाना लावून बघा.

तेल, ग्रीस आणि रबर

जिप्सी, जुनी थार, बोलेरो यांच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या वळणाऱ्या जोडाला) ग्रीस भरायचे निपल असतात. जुनं घाण ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरायचं, पाण्यातून आल्यावर तर नक्की. रिव्हर्स-फर्स्ट करताना खालून 'टण्' वाजत असेल तर क्रॉस गेलाय. नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, तिथे सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाक वळतानाही ताकद पोचवणाऱ्या सांध्यांचे, रबरी बूट बघा. रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे म्हणजे बूट फाटला. तेव्हाच बदलला तर स्वस्तात सुटतं, वळताना 'कट् कट्' येईपर्यंत थांबलात तर पूर्ण जॉइंट.

एअर फिल्टर उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यांवर फिरत असाल तर सर्व्हिसची वाट न बघता काढून बघा, हवा मारायची ती आतून बाहेर. डिझेल गाडी असेल तर फ्युएल फिल्टरमधलं पाणी काढून टाका, आणि बीएस ६ डिझेलचा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला तर शहरातल्या शहरात फिरत बसू नका, हायवेला एकसारख्या स्पीडने वीसेक मिनिटं पळवा. तशी तापलेली गाडी सुक्या गवतात उभी करू नका, सायलेन्सरने गवत पेटतं, दिवाळीनंतरच्या माळावर हे लक्षात ठेवा.

ऑक्टोबरात, पाऊस संपला की, पुढचा डिफरन्शियल, मागचा आणि ट्रान्सफर केस या तिन्हींचं तेल तपासायला सांगा. नुसत्या 'सर्व्हिस'मध्ये ते धरलेलं असेलच असं नाही, जॉबकार्डवर वेगळं लिहून घ्या आणि शक्य असेल तर समोर उभे राहा. वरचा भरायचा प्लग आधी उघडायला लावा, तो गंजून अडकलेला असेल आणि खालचं तेल आधीच सांडलेलं असेल तर गाडी तिथेच अडकून पडते. खालच्या प्लगला बहुतेक वेळा चुंबक असतो, त्यावर काळी बारीक पेस्ट असणं नॉर्मल आहे, चकचकीत तुकडे किंवा दाताचे कण असतील तर ते फडक्यात गुंडाळून ठेवा आणि झाकण लावायच्या आधी मेकॅनिकला दाखवा.